व्याह्यांची जिलबी आणि मिरजेची माकडटोपी

मंडळी, ऐका! जगात सगळ्यात अवघड काम कोणतं? डोंगर चढणं? छे! सासूला खूश ठेवणं? — त्या मागच्या बाई बघा कशा मान हलवताहेत! नाही हो! समोरच्यानं प्रेमानं वाढलं की 'नको' म्हणणं, हे सगळ्यात अवघड! मग माणसं राखायची म्हणून पोट जाळून घ्यायचं का? सांगा!

ऐका आमच्या केरबाअण्णांचं. माणूस लाखात एक, पण 'नको' म्हणणं ठाऊकच नाही! कुणी म्हटलं, "अण्णा, माझ्या गळ्याची शपथ, एक जिलबी!" — गेली आत! गावभर कीर्ती! आणि पोटात? चूल पेटलेली! असे करपट ढेकर, की बायको उठून दूध उतू गेलं का बघायची!

मुलगी वैजू. तिचं लग्न ठरलेलं. तिनं बापाला हाताला धरून मिरजेला नेलं, पोटाच्या स्पेशालिस्ट डॉक्टरीणबाईंकडे. आणि अण्णांनी भर उन्हाळ्यात तोंडाला मफलर गुंडाळला! का? होणाऱ्या व्याह्यांना कळलं तर? म्हणतील, मुलीचा बाप दुखणेकरी! मोडली सोयरीक!

वैजू केसपेपर काढायला गेली. अण्णा बाकावर बसले. समोर एक गृहस्थ. मे महिना — आणि डोक्यावर माकडटोपी! नुसते डोळे बाहेर!

"काय पावणं, पोट का?" अण्णांनी विचारलं.

"छे छे! मी सोबत आलोय!"

"मी पण!"

"कुणाच्या?"

अण्णांनी शेजारच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं! म्हणाले, "आत्ता हितंच होता!"

अहो तबलजी, हसताय काय? तुम्ही परवा कुठल्या दवाखान्यात दिसलात, सांगू का?

डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून तपासलं. "अण्णा, जठरात जखम आहे. गोड, तळकट, तिखट बंद! नाही ऐकलंत तर रक्त पडेल. जिवावर बेतेल!"

"पण बाई, परवा पोरीचा साखरपुडा! व्याही आग्रह करणार!"

"मग नको म्हणायचं."

"त्याऐवजी एखादी गोळी नाही का?"

आला साखरपुडा! बसली व्याह्यांच्या दारात पंगत! आणि व्याही आबाजी खराडे — स्वतः परात घेऊन वाढायला! काय तो मान!

"घ्या पावणं! लाजायचं न्हाई! जिलबी न्हाई घेतली तर सोयरीक गोड कशी हुणार?"

झालं! नको म्हणावं तर पोरीचं लग्न, घ्यावं तर स्वतःचा जीव! समोर वैजू उभी. डोळ्यांत पाणी. ती नुसती मान हलवत होती — नको, अण्णा, नको!

अण्णांनी दोन्ही हात पानावर धरले. जन्मात पहिल्यांदा बोलले —

"नको!"

सगळी पंगत वळून बघायला लागली! वरण ओतणाऱ्याची पळी हवेतच राहिली! अण्णा म्हणाले, "व्याही, माझ्या पोटात जखम हाय. लपवलं मी. राग आला तर माझ्यावर काढा, पोरीवर नको."

आबाजींनी परात खाली ठेवली. धपकन अण्णांशेजारी बसले!

"पावणं, अवो, वाढणाऱ्याला जेवावं लागत न्हाई, म्हणून मी वाढतोय! मिरजेतला मफलर तुमचाच न्हवं? मग समोरची माकडटोपी कुणाची हुती? माझीच की!"

काय सांगू मंडळी! दोघं व्याही गळ्यात गळा घालून असे हसले, की मांडव हलला! आतून विहीणबाई पातेलं घेऊन आल्या. मऊ भात आणि तूप! नवऱ्यासाठी गुपचूप शिजवलेला! त्या पातेल्याभोवती आणखी चार पाहुणे हळूच सरकले! वैजू वाढत होती. रडत होती आणि हसतही होती.

बघा, सोयरीक जिलबीनं जमली का? 'नको'नं जमली! खरं बोललेलं माणसाला लागत नाही हो, उलट त्याचाही जीव हलका होतो!

आता कीर्तन संपलं की महाप्रसाद आहे. वाढप्यांनो, ऐका! कुणी 'नको' म्हटलं तर पळी मागे घ्यायची. शपथा घालायच्या नाहीत! आणि जेवणाऱ्यांनो, ज्याचं पोट दुखतंय त्यानं उद्या उठून डॉक्टरकडे जायचं — उघड्या तोंडानं!

काय म्हणता काकू? बुवांना लाडू? नको!

...अहो, लगेच कशाला मागे घेताय!