शांत झोपलेले आजोबा

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे मान्यवर, शस्त्रक्रिया विभागातले जुने-नवे सहकारी, पुढच्या रांगेत बसलेली सिस्टरांची लेक आणि जावई, आणि स्वतःच्याच सत्काराला अवघडून बसलेल्या सिस्टर, सर्वांना नमस्कार. अध्यक्षांनी मला पाचच मिनिटं दिली आहेत. भूल देणाऱ्याच्या हाती माइक गेला की सभागृह झोपणार, ही त्यांची धास्ती असावी.

सिस्टरांच्या शिस्तीबद्दल आधीचे वक्ते बोललेच. मी त्यांच्या एका बोटाबद्दल बोलणार आहे. ऑपरेशननंतर पेशंटला शुद्धीवर येईपर्यंत ठेवतात, त्या खोलीत सिस्टर तेवीस वर्षं होत्या. म्हातारं माणूस आलं की त्या आपलं बोट त्याच्या तळहातात देत आणि म्हणत, "आजोबा, बोट धरा. मी पाच म्हणेपर्यंत सोडू नका." आम्ही डॉक्टर मंडळी त्यांची टिंगल करायचो. त्यात मी सगळ्यात पुढे.

घरची मंडळी आहेत म्हणून सांगतो. भूल देताना आम्ही नुसतं झोपवत नाही, स्नायूही लुळे करतो. शेवटी त्यावर उतारा देतो. तरुण अंगातून ते औषध लवकर निघून जातं, म्हाताऱ्या शरीरात रेंगाळतं. ताकद किती परत आली, हे मनगटावर लावून मोजायचं छोटं यंत्र मिळतं. आमचं यंत्र माझ्या कपाटात होतं, खोक्यासकट. इतक्या वर्षांच्या नजरेला यंत्र कशाला हवं, असा माझा तोरा.

एका सकाळी घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा आले. वय एक्क्याऐंशी, पित्ताशयाचं ऑपरेशन. उतारा दिला, श्वास सुरू झाला, त्यांनी मान हलवली, मी घशातली श्वासाची नळी काढली. थोड्या वेळाने त्या खोलीत डोकावलो. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर एक आठी नाही. कपाळावर हात ठेवून मी म्हणालो, "किती शांत झोपलेत." आणि वळलो.

"सर, हे झोपलेले नाहीत," सिस्टर म्हणाल्या. त्यांचं बोट आजोबांच्या तळहातात होतं. "झोपलेला माणूस बोट धरतो, नाहीतर हात तरी ओढून घेतो. आणि नाडी बघा कशी पळतेय."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. तोवर त्यांनी मास्क लावून पिशवीने श्वास द्यायला सुरुवातही केली होती. मी यंत्र आणायला धावलो. यंत्राच्या झटक्यांना अंगठा जेमतेम हलत होता. पुन्हा उतारा दिला, आणि बऱ्याच वेळाने ती बोटं सिस्टरांच्या बोटाभोवती मिटली.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "त्या खोलीतलं घड्याळ अडखळतं, डॉक्टर. दर मिनिटाला एक ठोका खातं. दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून तेच ऐकत होतो. तुमचा हात गार होता. तुम्ही म्हणालात, शांत झोपलेत. मला वाटलं, आता घरीही हेच सांगतील."

मंडळी, त्याआधी अठ्ठावीस वर्षं मी किती कपाळांवर हात ठेवून तेच म्हटलं असेल? दोन-तीनदा तर बाहेर येऊन रडणाऱ्या लेकी-सुनांना सांगितलंय, झोपेतच गेले, काही त्रास झाला नाही. त्रास झाला नाही, हे मला कुणी सांगितलं होतं? ते चेहरे मला अजून दिसतात. सगळे शांत होते, आणि मला त्यांची भीती वाटते.

यंत्र त्या दिवसापासून कपाटाबाहेर आहे. घड्याळ मात्र, आम्हाला आठवण राहावी म्हणून, सिस्टरांनी बदलू दिलं नाही. एकदा तो चुकलेला ठोका कानात बसला की जात नाही.

आता शेवटचं. येत्या सोमवारी माझं ऑपरेशन आहे. तेच, पित्ताशयाचं. मी चौऱ्याहत्तरचा आहे. भूल माझाच विद्यार्थी देणार आहे, तो यंत्र लावेल, शंका नाही. पण सिस्टर आजपासून निवृत्त. काल लाज सोडून त्यांना विचारलं, तर टेबल आवरता आवरता म्हणाल्या, "येईन. पण टिंगल चालायची नाही."

आयोजकांचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. वेळ जास्त घेतला, सत्काराच्या दिवशी नको ते बोललो, ते पदरात घ्या. आणि सिस्टर, सोमवारी मी शांत झोपलेला दिसलो, तर माझ्या चेहऱ्यावर विश्वास ठेवू नका.