नानांची हजेरी

दांडी मारायला पोरी काय काय कारणं शोधतात, ते मला विचारा. धुळ्याला मी नर्सिंग असिस्टंटचा वर्ग घेते. नरडाण्याहून येणारी वैशाली सारखी गैरहजर, आणि कारण एकच, "मॅडम, सासऱ्यांना बरं नव्हतं."

एकदा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "घरात पेशंट आहे आणि त्याच्यावर तू एकटीच शिकतेस? उद्या इथं घेऊन ये. सगळ्या शिकतील."

बिचारी खरंच घेऊन आली. सासरे म्हणजे नाना, पंचाहत्तरी उलटलेले, पण धडधाकट. सुनेनं पढवल्याप्रमाणे कण्हत कॉटवर पडले. पोरींनी बीपी बघितलं, ताप बघितला, त्यांना न उठवता खालची चादर बदलली, पाठीला उशी लावली. नाना कण्हायचं विसरले. म्हणाले, "घरमा माले कोनी इतलं इचारत नही!"

दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला नाना दारात हजर! एसटी त्यांना फुकटच. मागून डबा सांभाळत वैशाली धावत येतेय. मग हे रोजचंच झालं, आणि वैशालीच्या दांड्या बंद.

एका सोमवारी मात्र नाना एकटेच आले. मी विचारलं, "सून कुठंय?"

"'ताप शे' आसं सांगा म्हने ती."

"आणि खरं काय?"

नाना टोपी काढून, बाही वर सारून कॉटवर आडवे होत म्हणाले, "मी सोता थर्मामीटर लाईसन देखं. काहीच नही शे. तिनी गैरहजेरी मांडा, नि मना बीपी देखा."