छत्रीमागची अंत्ययात्रा

...नाही, पण तुम्हीच सांगा, ज्या गावात मी जन्मलो, ज्या गावात फाइली उपसत म्हातारा झालो, त्या व्हिएन्नात मी पाहुण्यासारखा कानात यंत्राचं बोंड घालून एका छत्रीच्या मागे मागे का म्हणून हिंडायचं? आणि तेही नोव्हेंबरात! वरून आमचा तो पाऊस, धड पडतही नाही आणि धड थांबतही नाही, अगदी सरकारी कचेरीसारखा. पण नातीने सांगितलं. नातीपुढे कुणाचं चाललंय?

आमची लेनी. पोरगी हुशार, तुम्हाला सांगतो. गाइडची परीक्षा दिली, परवाना मिळवला, आणि जुन्या शहरात पायी सहली काढणारा एक क्राट्की म्हणून आहे, त्याच्याकडे उमेदवारीला लागली. आता हा क्राट्की म्हणजे... जाऊ दे. त्याने तिला बजावलं, ‘हे बघ बाई, गेल्या खेपेला तुझी माणसं वाटेतच गळली. निम्मी केकच्या दुकानात शिरली, उरलेली दुसऱ्याच्याच छत्रीमागे गेली. या शनिवारी मी शेवटी खानावळीच्या दारात उभा राहून डोकी मोजणार. निघताना होती तेवढी पोचली तर नोकरी पक्की. एक जरी कमी भरलं, तर तू आपली दुसरीकडे बघ!’

लेनी रडवेली होऊन घरी. ‘आजोबा, तुम्ही या ना. निदान एक डोकं तरी पळून जाणार नाही.’

‘येतो की.’

‘पण तोंड उघडायचं नाही.’

‘मी? अगं, मी कधी...’

‘आजोबा!’

‘बरं बाई. मी गप्प.’

झालं, शब्द दिला. आणि निघालो. पुढे लेनी, हातात मिटलेली काळी छत्री उंच धरलेली. मागे पाहुणे, त्यांच्या डोक्यावरही कंपनीच्या काळ्याच छत्र्या, कारण काळ्यावर मळ दिसत नाही, हा क्राट्कीचा हिशेब. लेनी बोलणार हळूच, तोंडाशी लावलेल्या यंत्रात, आणि ते ऐकू येणार फक्त कानात बोंड असलेल्याला. त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला काय दिसणार? काळ्या छत्र्यांची एक लांबलचक रांग, माना खाली, आवाज नाही, पावलं सावकाश. आणि सगळ्यांत शेवटी मी, माझ्या एकुलत्या एक चांगल्या काळ्या कोटात.

पहिल्याच वळणावर लेनी थांबली. ‘ही तिसऱ्या मजल्यावरची खिडकी बघा. विरहाने वेडी झालेल्या एका सरदारकन्येने इथून उडी घेतली...’ सगळे हळहळले. अहो, त्या खिडकीशी माझं टेबल होतं! पेन्शन खातं! तिथून उडी घ्यावीशी वाटायची ती आम्हा कारकुनांना, आणि ती खिडकी उघडतच नसे! घशापर्यंत आलं होतं, तुम्हाला सांगतो. पण मी गप्प.

पुढे एका दारापाशी म्हणते, इथे मोझार्ट जेवला. असेल. तो माणूस या गावात इतक्या ठिकाणी जेवलाय की त्याला संगीत रचायला वेळ कधी मिळाला, देव जाणे. मी गप्प.

तेवढ्यात केकच्या दुकानाची ती काच आली. काचेपलीकडे चॉकलेटचा डोंगर. आणि बघता बघता दोन स्वीडिश नवरा-बायको, सकाळपासून एकमेकांशी एक शब्द न बोललेली, हातात हात घालून आत! गेली! लेनीने मागे वळून डोकी मोजली, आणि पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. पण बोलत राहिली बिचारी. गेली, म्हटलं, नोकरी गेली. जड मनाने चाललो. चर्चच्या दारावरून जाताना सवयीने टोपी काढून हातात घेतली.

इथेच घात झाला.

आता आमच्या गावाचं कसं आहे, इथे जगण्यात कुणाला फारसा रस नाही, पण मयत कशी, थाटात झाली पाहिजे! लग्नाला बोलावणं लागतं, मयतीला लागत नाही, आणि मयतीनंतर खानावळीत उकडलेल्या मांसाचं जेवण ठरलेलं. समोरून आल्या वेसेलीबाई. त्यांचा नवरा हॉफराट होता, सरकारात मोठा हुद्दा, म्हणून यांनाही गाव हॉफराट म्हणायचं. नवरा गेला, हुद्दा राहिला. बरोबर त्यांच्या सावलीसारख्या नावरातिलबाई. दोघींनी छत्र्या बघितल्या, चर्च बघितलं, माझ्या हातातली टोपी बघितली.

‘अगंबाई! रेव्हिडेंट साहेब!’ मला निवृत्त होऊन युग लोटलं, पण आमच्याकडे हुद्दा माणसाबरोबर थडग्यापर्यंत जातो. ‘कोण गेलं हो?’

मी गप्प. शब्द दिला होता ना!

‘बघितलंस? बोलवेना बिचाऱ्याला. जवळचंच कुणीतरी.’

‘माणसं बरी जमलीत हो.’

‘बाहेरगावची दिसतात. म्हणजे मोठा माणूस.’

‘पण फुलं नाहीत कुठे.’

‘हल्ली नको म्हणतात. आणि ती पुढे छत्री धरलेली?’

‘नात. चेहरा बघ ना पोरीचा!’

आणि दोघी लागल्या रांगेत! एवढ्यावर थांबतील? वेसेलीबाईंनी सिगारेटच्या दुकानातल्या मालकिणीला खूण केली, तिने शटर ओढलं. समोरच्या घरातून एक निवृत्त ट्रामचालक निघाला, त्याने आणखी दोघी आणल्या. प्लेगच्या आठवणीत उभारलेल्या खांबापाशी पोचेपर्यंत अर्धी आळी मागे. तिथे लेनीने कानाकानांत प्लेगची हकिकत सुरू केली, आणि इकडे आमच्या बायकांनी रुमाल काढले. एक धिप्पाड अमेरिकन मागे वळला, रडणाऱ्या म्हाताऱ्या बघितल्या, आणि टोपी काढून बायकोला म्हणाला, ‘तीनशे वर्षं झाली गं, अजून रडतात!’ त्यानंतर एकही पाहुणा हलला नाही. म्हाताऱ्या हुंदके देत असताना केक खायला जायची कुणाची छाती होईल?

खानावळीच्या दारात क्राट्की. डोकी मोजतोय, पुन्हा मोजतोय, निघाली त्याहून जास्त भरताहेत! क्राट्कीच्या सहलीच्या शेवटी प्रत्येकाला मांसाचा रस्सा मिळतो, पेलाभर, आमच्या गावची चव म्हणून. आमच्या बायकांनी रस्सा प्यायला, पेले ठेवले, हात मांडीवर, आणि वाट बघत बसल्या.

‘मांस कधी आणणार?’ वेसेलीबाई.

‘एवढंच आहे,’ वाढपी म्हणाला.

‘एवढंच? मयताच्या जेवणाला नुसता रस्सा? असा कोण कंजूष मेला?’

क्राट्कीच्या भुवया वर. ‘लेनी, या बाया कोण?’ लेनीच्या डोळ्यांत पाणी. आणि वेसेलीबाई माझ्यासमोर येऊन उभ्या. ‘रेव्हिडेंट साहेब, आता तरी सांगा. गेलं कोण?’

सांगितलं असतं, बाई, ही सहल आहे, तर तिथे जो गोंधळ झाला असता! क्राट्कीने ही सगळी डोकी वजा केली असती, आणि पोरगी घरी! तुम्हाला सांगतो, इतका वेळ दात आवळून गप्प बसलेला मी, त्या एका क्षणी तोंड उघडलं.

‘फर्डिनांड,’ म्हणालो. ‘आमचा धाकटा भाऊ. लिंझचा.’

जिवंत आहे हो! खणखणीत आहे! पण सगळी खानावळ उभी राहिली. अमेरिकनाने मला मिठी मारली. नावरातिलबाई म्हणाल्या, ‘तो गडगडाटी हसणारा? अरेरे!’ आणि क्राट्की डोळे पुसत लेनीला म्हणतो, ‘पोरी, याला म्हणतात पाहुण्यांना अनुभव देणं! नोकरी पक्की! आणि हा म्हातारा कुठून पैदा केलास? काय तो दुःखी चेहरा!’

तो चेहरा जन्मापासून आहे. पण मी गप्प.

रात्री फर्डिनांडचा फोन. ‘मी मेलो म्हणे.’

‘नाइलाज झाला रे.’

‘ते ठीक आहे. पण नुसता रस्सा? उकडलेलं मांस नाही? माझ्या मयतीला? लोक मला काय म्हणतील?’ तेव्हापासून अबोला धरलाय त्याने.

आणि क्राट्की! त्याला दर शनिवारी हे हवं! मांससुद्धा मंजूर केलं त्याने. त्यामुळे गेल्या शनिवारी मेहुणी गेली, त्याआधी चुलतभाऊ, त्याआधी शाळेतले मास्तर, ते खरे गेलेले होते, पण फार पूर्वी. वेसेलीबाईंनी काळे हातमोजे नवे घेतले. भेटल्या की हात धरतात, ‘काय हो हे तुमच्या घरावर!’

काल लेनी विचारत होती, ‘आजोबा, या शनिवारी कोण?’ आठवून आठवून बघितलं. कुणी उरलंच नाही हो. म्हटलं, लिही माझंच नाव.

तेव्हा या तुम्ही. मांस आहे, वर किसलेला झणझणीत मुळा आहे. फक्त पहिल्या वळणावर ती खिडकी लागेल, सरदारकन्येची. पोरगी सांगेल ते ऐकून घ्या. शंका असली तर मला विचारू नका. या खेपेला नियमाप्रमाणेच मी गप्प.