मला ताक नको, चहाच सांग

मला ताक नको रे, चहाच सांग. का ते ऐक. परवा ताम्हिणीच्या शाळेत नववीला प्रयोग दाखवला. पाण्यात युरिया विरघळवला आणि थर्मामीटर सत्तावीसवरून थेट पंधरावर! पोरं ढिम्म. तिथल्या ढाबेवाल्याची मुलगी सायली म्हणते, “त्यात काय सर? लाईट गेली की आमी युरियाच्या बादलीतच पाण्याच्या बाटल्या गार करतो.”

मी खूश. “शाब्बास! म्हणूनच काल तुमच्याकडचं ताक एवढं गार लागलं?”

“व्हय. गिलासबी त्याच बादलीत इसळतो ना आमी.”

मी धीर करून विचारलं, “पण ते खारट लागलं, ते मिठानं ना गं?”

“न्हाई सर, मीठ तर काल सकाळीच संपलं व्हतं.”