फेकलेला युरिया, गाडलेला युरिया

कंधारच्या एसटीत मृदाशास्त्रज्ञ विनीताला पुढच्या सीटवरून ओळखीचा आवाज आला. तिचा प्रयोग ज्यांच्या कपाशीत चालू होता, त्या सिंधुताईच शेजारणीला सांगत होत्या.

“एका पट्ट्यात युरिया नेहमीसारखा फेकला, दुसऱ्यात मातीत गाडला. मग म्याडमनं दोन्हीकडं डबे पालथे घालून गॅस मोजला.”

“कसला गॅस गं?”

“युरियाचा! उडून जातो, अन् त्यानंच हवा तापून राहिली म्हणं. उज्वला, गाडलेल्यात लई कमी निघाला! कपाशी बघाया ये, कशी काळीशार झाली!”

विनीताला हसू आवरेना.

“अन् तो फेकलेला पट्टा?”

“त्याला काय सावत्र वागवायचं? युरियाचा पुढचा हप्ता उद्या तिथं बी गाडून टाकते.”

विनीता ताडकन उठली.

“सिंधुताई, नका हो! त्याला यंदा सावत्रच राहू द्या!”

“अगो बाई, म्याडम! तुमी इथं?”

“दोन्ही पट्टे सारखे झाले, तर फरक दाखवू कशात? सगळं काम वाया जाईल माझं.”

“असं हाय व्हय? मग न्हाई गाडत.”

“मी गाडते की उद्या!” उज्वला म्हणाली. “आमच्या रानात कुठं हाय तुमचा डबा?”