बूट कुठे काढले?

घर पडल्याची खात्री पटायला तुम्हाला ढिगारा लागतो, साहेब, आणि तो बघायला तुम्ही भूकंपानंतर चाळीस दिवसांनी येता. पुनर्वसन कचेरीच्या रांगेत माझ्यापुढे एक सासू-सून होत्या. त्या बोलल्या ते असं:

“सूनबाई, पाहणीवाल्याने नेमकं काय लिहिलंय?”

“‘पडझड आढळली नाही, जागा मोकळी.’ म्हणून नव्या वसाहतीच्या यादीत आपण नाही.”

“मोकळी कशी? तीन खोल्या होत्या.”

“होत्या, आई. पण तो यायच्या आदल्या दिवसापर्यंत तुम्ही सगळा ढिगारा उपसून जागा लख्ख झाडलीत.”

“माणूस घरी येणार होता. त्याला काय दगडमातीत उभं करू?”

“उभा राहिला आणि विचारतो, घर कुठंय?”

“विटा दिसल्या नाहीत त्याला? अख्ख्या वेगळ्या, तुटक्या वेगळ्या रचल्यात मी.”

“दिसल्या ना. ‘बांधकामाचं सामान उपलब्ध’ असं लिहिलंय.”

“हसतेस काय गं?”

“तंबूत रडले तर शेजारचे चार तंबू ऐकतात. इथे हसून घेते.”

“उंबरा मात्र मी हलवला नाही हं. तो आहे तिथेच आहे. मी म्हटलं, आत या. तर उंबऱ्याशी बूट काढून आत आला बिचारा.”

“बूट काढले? हे मला बोलला नाहीत.”

“त्यात काय सांगायचं? कुणीही काढतं.”

“आई, आज खिडकीशी तुम्ही बोला. एवढंच विचारा: जागा मोकळी होती, तर तुमच्या माणसाने बूट कशाला काढले? आणि उत्तर मिळाल्याशिवाय खिडकी सोडू नका.”