दुसऱ्या कडव्यातला श्वास

केतन : दिपेशच. दुसरा कोण असणार? पेजचा पासवर्ड माझ्याकडे आणि त्याच्याकडे. बस.

रुचिता : हळू. आत्ता कुठे डोळा लागलाय चिऊचा.

केतन : हळूच बोलतोय. तू वाचलंस ना काय लिहिलंय ते? पहिल्यांदा कुणीतरी 'फाटक बंद'च्या अल्बमवर धड रिव्ह्यू लिहिला. दोन ओळींची बातमी नाही, अख्खा रिव्ह्यू! आणि त्याच्याखाली पहिली कमेंट कुणाची? 'फाटक बंद'ची. आपल्याच बँडच्या पेजवरून, आपल्याच गायिकेला, प्राप्तीला! "हे काळीज-बिळीज काही नाही, दम संपलाय. ओळ एका दमात घ्यायची असते. रियाज कमी पडला की असंच होतं."

रुचिता : काढून टाकलीस ना पण?

केतन : उठल्या उठल्या. पण तोवर कल्याणच्या त्या बँडवाल्या पोरांनी स्क्रीनशॉट फिरवलेला. वर लिहिलंय, "फाटक बंद, आत भांडणं चालू." लोक हसतायत.

रुचिता : ती पोरं जळतात रे. त्यांच्या गाण्यांवर कुणी एक ओळ लिहीत नाही.

केतन : त्यांना जळू दे. दिपेश का जळतोय? रिव्ह्यूत त्याच्या गिटारचं नावसुद्धा नाही, म्हणून. फोन केलेला मी त्याला. उलटा माझ्यावरच चढला. मग मी पण सोडला नाही. सांगितलं, शनिवारी खोपटच्या कार्यक्रमाला येऊ नको, तुझ्याशिवाय वाजवू.

रुचिता : असं बोललास? दिपेशला?

केतन : मग काय, ओवाळू त्याला?

रुचिता : अरे, आपल्या लग्नात तुझ्या मागे करवल्यासारखा उभा होता तो. शाळेपासूनचा मित्र.

केतन : म्हणूनच जास्त लागलं ना. आणि प्राप्ती सकाळपासून फोन उचलत नाहीये. ती सोडून गेली तर संपलंच सगळं.

रुचिता : केतन, दिपेशने नाही लिहिलं.

केतन : तू त्याची बाजू घेऊ नको.

रुचिता : माझ्या फोनवर अजून पेज चालू आहे. चिऊ व्हायच्या आधी मीच सांभाळायचे ना. कधी बंदच केलं नाही.

केतन : म्हणजे?

रुचिता : म्हणजे मी लिहिलं ते.

केतन : तू?

रुचिता : पाजत होते तिला. एका हातात ती, एका हातात फोन. मी एक वेगळं खातं काढलंय, नुसतं 'श्रोता' नावाचं. त्यावरून टाकायला गेले. वर फोटो बँडचा आहे ते बघितलंच नाही.

केतन : वा! चोरून लिहायचं होतं ते चव्हाट्यावर गेलं. एवढीच चूक झाली म्हणायची?

रुचिता : तसं नाही म्हणत मी.

केतन : मग कशाला लिहिलंस? तुझंच गाणं आहे ना ते! शब्द तुझे, चाल तुझी. नाव आलंय तुझं रिव्ह्यूत.

रुचिता : शेवटी. कंसात. आणि पहिलं वाक्य काय आहे? "या बँडला अखेर आवाज सापडला." अखेर! मग इतकी वर्षं मी काय कुकरच्या शिट्ट्या वाजवत होते? नौपाड्यातल्या त्या पत्र्याच्या खोलीत, पंख्याची घरघर रेकॉर्ड होते म्हणून पंखा बंद करून, घामाने निथळत कोण गायचं?

केतन : त्याने तेव्हा आपल्याला ऐकलंच नसेल गं.

रुचिता : तेच तर म्हणतेय. मी गात होते तेव्हा कुणी ऐकलंच नाही. ती आली आणि लगेच, "दुसऱ्या कडव्यात 'उन्हाला' या शब्दानंतर तुटलेला तो श्वास म्हणजे अख्ख्या अल्बमचं काळीज." शिवाय तिचा एवढा मोठा फोटो, खळीबिळी दिसेल असा.

केतन : खळीचा काय संबंध?

रुचिता : काहीच नाही. पण आहे ना तिला खळी!

(दारावरची बेल वाजते. आतल्या खोलीत बाळ रडायला लागतं. रुचिता त्याला उचलून आणते. केतन दार उघडतो. दारात प्राप्ती.)

प्राप्ती : माझ्यामुळे उठलं का बाळ? सॉरी. बेल वाजवायला नको होती मी.

केतन : प्राप्ती! अगं, फोन का नाही उचलत? ये, बस आधी. ते कमेंटचं मी सांगतो तुला…

प्राप्ती : केतनदादा, तू जरा गप बस. मी कोळीवाड्यातून डोंबिवलीपर्यंत आले ती तुझ्यासाठी नाय. ताईंशी बोलायचंय मना.

केतन : ऐक तर. दिपेशने नाही लिहिलं ते.

प्राप्ती : माहितेय मना. ताईंनी लिहिलंय.

रुचिता : कुणी सांगितलं तुला?

प्राप्ती : तुम्हीच. "ओळ एका दमात घ्यायची असते." दिपेशदादाला ओळ संपते कुठे तेच कळत नाय, मध्येच गिटार घुसवतो. हे गायलेलं माणूसच लिहिणार. आणि ते गाणं आजपर्यंत गायलंय आपण दोघींनीच.

रुचिता : बस ना.

प्राप्ती : नको. बसले की रडायला येईल. मना रडायचं नाय, भांडायचंय.

रुचिता : भांड.

प्राप्ती : रियाज कमी पडला बोललात ना? आई पहाटे मासळी आणायला बाहेर पडते, तेव्हा मी तंबोऱ्याचं ॲप लावून बसते. शेजारची काकू बोलते, पोरी बास कर, वाळत घातलेले बोंबील उठून खाडीत जातील. तरी बसते मी. काय पण लिवा, पण मी मेहनत नाय करत असं कसं लिवलंत?

रुचिता : चुकलं माझं.

प्राप्ती : आणि तो श्वास माझा नायच.

रुचिता : म्हणजे?

प्राप्ती : तुमचाय. मना शिकवायला कोण होतं? तुम्ही तर बाळंतपणात. केतनदादाने तुमचं फोनवरचं रेकॉर्डिंग पाठवलं. बोलला, अस्संच म्हण, कणभर बदलू नको. त्यात तुम्ही बोलता, "दाराशी पाणी ठेवलंय, येताना पाय धू. नसशील येत, तर पाणी उन्हाला…" तिथं थांबता. श्वास घेता. मग बोलता, "देईन." मना वाटलं, काय सुचलंय या बाईला! ते थांबणं घोटून घोटून बसवलं मी. आता तुम्हीच त्याला नावं ठेवता.

केतन : एक मिनिट. रुची, ते आठव्या महिन्यातलं रेकॉर्डिंग.

रुचिता : माहितेय मला कुठलं ते.

प्राप्ती : काय झालं?

रुचिता : अगं, मी मुद्दाम नव्हते थांबले. या चिऊबाईंनी पोटातून लाथ मारली होती. इथे, बरगडीखाली. दमच गेला माझा. केतनला म्हटलं, राहू दे, पुन्हा नीट घेऊ. मग राहूनच गेलं.

केतन : आणि तो माणूस त्यालाच काळीज म्हणतो!

रुचिता : हसू नकोस.

केतन : नाही हसत.

रुचिता : हसतोयस. जा, तिच्यासाठी पाणी आण. मी स्वतःलाच बोलले रे. तेही चारचौघांत.

प्राप्ती : पण ताई, लोक हसतायत ते मना. तुम्हाला नाय.

रुचिता : हो. ते खरं आहे.

प्राप्ती : तुम्हाला माहितेय प्रॅक्टिसला काय चालतं? "रुचिता असती तर इथे खालच्या सुरावर आली असती." "रुचिताला एकदाच सांगावं लागायचं." घरी जाऊन मी आईला विचारते, ही रुचिता मरत का नाय? सॉरी. बाळासमोर बोलायला नको होतं.

रुचिता : बोल, तिला नाही कळत. खरंच असं म्हणतात ते माझ्याबद्दल? दिपेशसुद्धा?

प्राप्ती : दिपेशदादा सगळ्यात जास्त. आणि तुम्हाला मज्जा वाटतेय ऐकून.

रुचिता : थोडी.

प्राप्ती : मग शनिवारी तुम्हीच गा ते गाणं. मी खरं बोलतेय. बाकीची मी गाते, ते एक तुम्ही. तेवढा वेळ बाळाला मी धरते.

केतन : चालेल की! रुची? किती दिवस म्हणतेयस, परत गायचंय.

रुचिता : साउंड चेक किती वाजता आहे?

केतन : पाचला.

रुचिता : पाचला ती झोपून उठलेली असते. दूध पाजून निघता येईल. केस धुवायला पाहिजेत… नको. नाही जमणार.

केतन : का? मी आईला बोलावतो ना.

रुचिता : आईंचा प्रश्न नाही रे. आवाजाचा आहे. परवा बाथरूममध्ये बादली भरायला लावून ते गाणं म्हणून बघितलं. सिझर झाल्यापासून पोटातून सूर धरवतच नाही. 'उन्हाला'पर्यंत पोचले पण नाही मी.

केतन : मला का नाही बोललीस?

रुचिता : तू म्हणाला असतास, होईल हळूहळू. ते ऐकायचं नव्हतं मला. आणि त्याच रात्री हिचं गाणं आलं. ऐकलं. चांगलं म्हणतेस तू, प्राप्ती. वाईट म्हटलं असतंस तर कशाला लिहिलं असतं मी?

प्राप्ती : हे आधी सांगायचं ना, ताई.

रुचिता : कसं सांगणार? तोंडातून निघेना. घे, हिला धर जरा. अशी नाही, मान सांभाळ. केतन, दिपेशला लाव. तू नाही, मी बोलते त्याच्याशी. आणि ते कल्याणवाल्यांनी फिरवलंय ना, त्याच्याखाली माझ्या नावाने लिहिते. कमेंट मी केली, बँडने नाही. तो श्वासही माझाच, हेही लिहिते.

प्राप्ती : लोक तुम्हाला बोलतील.

रुचिता : बोलू देत. निदान नाव तरी कळेल त्यांना.

केतन : बघ, ही सुधारणार नाही.

प्राप्ती : ताई, मग शनिवारी काय करू? थांबू, का एका दमात घेऊ?

रुचिता : एका दमात घे. ते थांबणं माझं आणि हिचं आहे, ते आमच्याकडे राहू दे. तू तुझ्या पद्धतीने म्हण.

प्राप्ती : याल ना ऐकायला?

रुचिता : येईन. हिला घेऊन मागे उभी राहीन.

प्राप्ती : आणि मी चुकले तर?

रुचिता : तर आतून बरं वाटेल मला. खोटं कशाला बोलू?

प्राप्ती : आणि नाय चुकले तर?

रुचिता : तर फार त्रास होईल गं. पण तू चुकू नकोस.